सनाचं बुरूजघर: जोत्यापासून गच्चीपर्यंत

सनाच्या जुन्या शहरातलं घर पारखायचं असेल तर मान वर करायची घाई करू नये. पांढऱ्या नक्षीचे पट्टे, रंगीत काचा, ते सगळं नंतर. आधी गल्लीतच थांबून जोत्याचा दगड बघावा, जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीपर्यंत. तो कोरडा आणि खणखणीत असेल तर आत जायला हरकत नाही. त्यावर मिठासारखी पांढरी पूड फुटली असेल आणि सांध्यातला मसाला बोटाने निघत असेल, तर वरचे मजले कितीही देखणे असोत, घराला पाणी लागलं आहे. या घराचे निम्मे आजार इथून सुरू होतात. आणि हे पाणी बहुधा पावसाचं नसतं, नळाचं असतं.

परीक्षण आहे ते या घराचं: येमेनच्या राजधानीत, तटाच्या आत, पाच ते आठ मजल्यांचं, एका कुटुंबासाठी उभं रचलेलं. ते चालतं कसं, बिघडतं कुठे आणि दुरुस्त काय होतं, एवढंच बघायचं आहे.

आधी वयाचा घोळ मिटवू. जुनं सना 1986 साली जागतिक वारसा यादीत आलं. तिथल्या वर्णनात 103 मशिदी, 14 हमामखाने आणि 6,000 हून अधिक घरं येतात आणि ती सगळी अकराव्या शतकाआधीची म्हटली जातात. शहर जुनं आहे यात वाद नाही, वस्ती अडीच हजार वर्षांहून अधिक काळ सलग आहे. पण समोरचं घर हजार वर्षांचं असं समजून कोणी आत शिरू नये. जोतं जुनं, त्यावरचे दोन मजले बरेच अलीकडचे, सर्वांत वरचा पणजोबांनी चढवलेला, असा एकूण मामला असतो. पडलेल्या घराचा दगड पुढच्या घराला लागतो, त्यामुळे दगड बघून तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरा घोळ मातीचा. ही घरं मातीची, असं सर्रास छापलं जातं. मातीचे उंच मनोरे म्हणजे येमेनच्याच पूर्वेकडच्या हद्रमौत भागातलं शिबाम गाव, ते कच्च्या विटांचं. सनामध्ये खालचे एक-दोन मजले घडीव दगडाचे आणि वरचे पातळ भाजलेल्या विटांचे. माती असते ती छतात, आतल्या गिलाव्यात आणि काही ठिकाणी सांध्यात. हा फरक पुस्तकी नाही. शिबामची डागडुजी ज्या पद्धतीने होते, तीच इथे लावली तर पैसे फुकट जातात.

उंच बांधायची खोड या गावाला पूर्वीपासूनची. इस्लामपूर्व काळातला गुमदान राजवाडा इथलाच. दहाव्या शतकातला भूगोलकार अल-हमदानी, तो सनाचाच, राजवाड्याला वीस मजले देतो. सर्वांत वरच्या दालनाचं छत अर्धपारदर्शक अलाबास्टर दगडाचं होतं आणि खाली आडवं पडून वरून गेला तो कावळा की घार हे ओळखता यायचं, असंही सांगितलं जातं. राजवाडा त्याच्या जन्माच्या कितीतरी आधी जमीनदोस्त झालेला, म्हणजे वीस मजले ऐकीवच. पण त्या छताचा वंश अजून इथल्या खिडक्यांत चालू आहे, त्याकडे पुढे येऊ.

आत शिरल्यावर तळमजला अंधारा. इथे गुरं, सरपण, धान्य. खिडक्या नाहीत, हवेपुरत्या फटी आहेत. ही जागा राहण्यासाठी नव्हतीच, त्यामुळे तिचा अंधार हा दोष धरू नये. जिना चौकोनी दगडी खांबाभोवती वळत वर जातो आणि हाच खांब घराचा कणा. पायऱ्या उंच आणि एकसारख्या नाहीत. गुडघेदुखीवाल्या माणसासाठी हे घर म्हणजे शिक्षा, यात गोड बोलण्यासारखं काही नाही. वर चढणारा पुरुष ‘अल्ला, अल्ला’ म्हणत चढतो, म्हणजे मजल्यावरच्या बायकांना आडोशाला जायला वेळ मिळतो. आणि खाली कोणी दार वाजवलं तर सहा मजले उतरावं लागत नाही. वरून दोरी खाली आलेली असते, ती ओढली की कडी उठते. सबंध घरात इतकी स्वस्त आणि इतकी कामाची दुसरी वस्तू नाही.

खोल्या लांबट आणि अरुंद, रुंदी जेमतेम अडीच-तीन मीटर. कारण लाकूड. इथे मिळणारी तुळई त्याहून लांबीची भार घेत नाही. नवे मालक मधली भिंत पाडून ‘मोठा हॉल’ करू बघतात तेव्हा हे विसरतात आणि वर्षभरात वरच्या खोलीची जमीन पोटात जाते.

दिशांचा विचार मात्र वाखाणण्यासारखा. सना सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याच्या आसपास येतो आणि दुपारी चांगलं ऊन असतं. म्हणून राहत्या खोल्या दक्षिणेला आणि जिना, संडास उत्तरेला. जाड भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब परत देते. शेगडीविना निभतं, पण दक्षिणेचं ऊन अडवणारं नवं बांधकाम समोर उभं राहिलं नसेल तरच. हे बघायला हिवाळ्यातच जावं, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो आणि फसगत होते.

आता खिडक्या. खाली उघडझाप करायची साधी लाकडी खिडकी आणि तिच्यावर अर्धगोल कमरिया. कमर म्हणजे चंद्र. पूर्वी इथे अलाबास्टरचा पातळ तासलेला पत्रा बसवत, त्यातून दुधाळ उजेड येई. हमदानीच्या छताचा वंश तो हाच. नंतर रंगीत काच आली. करण्याची रीत अशी: फळीवर जिप्समचा लगदा ओतून जाडसर पाटी करायची. ती आवळायला लागली, पण पुरती कडक झाली नाही, त्या मधल्या वेळात सुरीने नक्षी कापायची. काप सरळ नाही, तिरका, म्हणजे उजेड बसलेल्या माणसाकडे खाली झुकतो. मग पाठीमागून काचेचे तुकडे पातळ जिप्समने चिकटवायचे. वेळ चुकली की सगळं फसतं. लवकर कापलं तर कड ढासळते, उशीर झाला तर पाटी तडकते. जुनी की नवी हे ओळखायला काप बघावा. साच्यातून काढलेल्या स्वस्त पाटीचा काप काटकोनात असतो आणि नक्षी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी दिसते. हाताने कापलेलीत दोन पाकळ्या कधी जुळत नाहीत.

बाहेरच्या पांढऱ्या पट्ट्यांचं कौतुक आवरतं घेतो. विटा पुढे काढून नागमोडी, चौकटी अशी नक्षी करायची आणि वर जिप्समचा हात मारायचा. दिसतं सुरेख. पण जिप्समचं आणि पाण्याचं वाकडं आहे, ते पाण्यात थोडं थोडं विरघळतं. दर काही वर्षांनी हात परत मारावा लागतो. ज्या घराच्या पट्ट्या धूसर झाल्या आहेत तिथे सौंदर्याचा प्रश्न नसून मालकाकडे डागडुजीचे पैसे राहिलेले नाहीत असं समजावं आणि मग थेट गच्ची बघायला जावं.

त्याआधी संडास. या घराची खरी करामत तिथेच आहे, आणि पाहुण्याला ती कोणी दाखवत नाही. प्रत्येक मजल्यावर उत्तरेकडच्या कोपऱ्यात छोटी खोली, तिच्यात दगडी फरशी आणि एक भोक. भोकातून विष्ठा उभ्या विहिरीसारख्या पोकळीतून थेट तळाच्या कोठडीत. लघवी मात्र तिच्यात जाऊ द्यायची नाही. फरशीला खाच असते, त्या खाचेतून ती भिंतीबाहेर पडते आणि दर्शनी भिंतीवरच्या गुळगुळीत उभ्या पट्ट्यावरून खाली ओघळता ओघळता कोरड्या हवेत वाळून जाते. धुण्याचं पाणीही वेगळं. ओलं आणि सुकं वेगळं ठेवलं की खालच्या कोठडीत माल सुका राहतो आणि वास मारत नाही. सहा मजल्यांच्या घराला ना टाकी ना गटार.

माल साचला की गल्लीकडच्या छोट्या दारातून काढायचा, उन्हात वाळवायचा आणि हमामखान्याच्या भट्टीत जाळायचा. शहराचं आंघोळीचं पाणी त्यावर तापत असे. उरलेली राख मशिदींलगतच्या बागांत जायची. बागेला इथे मिकशामा म्हणतात. ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली असते, कारण बांधकामाला लागलेली माती तिथूनच उपसलेली. मशिदीत वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, वापरलेलं पाणी उताराने तिकडे वाहतं. त्यावर मुळा, कोथिंबीर, कांद्याच्या जातीची कुर्रास नावाची पालेभाजी. भाजी पुन्हा त्याच घरांत. घर, हमामखाना, मशीद, विहीर आणि बाग हे पाच भाग एकाच यंत्राचे, आणि घराचं परीक्षण सुटं करताच येत नाही ते यामुळे.

मग नळ आला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, 1962 च्या क्रांतीनंतर, शहर तटाबाहेर सुसाट वाढलं आणि आतल्या घरांनाही नळाचं पाणी मिळालं. सोय कोणाला नको असते! वरच्या मजल्यावर घागर चढवणाऱ्या बाईला कोणी वारशाची प्रवचनं देऊ नयेत. पण त्याच कोरड्या पोकळीत फ्लशचं पाणी सोडलं गेलं. सुकं ठेवण्यासाठी बांधलेली कोठडी ओली झाली, शोषखड्डे भरले, पाणी जोत्याच्या दगडांत चढलं. जोत्यावरची पांढरी पूड ती हीच. पाणी क्षार घेऊन चढतं, बाहेरच्या पृष्ठभागावर पाणी उडतं आणि मागे राहिलेले क्षार स्फटिक होताना दगडाची कातडी सोलतात.

1984 साली युनेस्कोने जुन्या सनासाठी आंतरराष्ट्रीय मोहीम पुकारली. त्या काळात झालेलं सर्वांत उपयोगी काम छायाचित्रांत दिसत नाही: गल्ल्यांखालून मलवाहिन्या घातल्या आणि वर दगडी फरसबंदी केली. फरसबंदीमुळे चिखल गेला आणि पावसाचं पाणी भिंतीपाशी मुरायचं थांबलं. या जतनकामाला 1995 साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तो रास्तच. उणं एवढंच की गल्लीतली वाहिनी धड असली तरी घराच्या आतला नळ मालकाचा. भिंतीवरून उघडा खाली आणलेला पाइप, त्याचे गंजके सांधे, भोवती हिरवट ओल, हे दृश्य दर दोन-तीन घरांआड दिसतं.

गच्चीवर पोचल्यावर पहिली नजर पाण्याच्या टाकीवर. हजार लिटरची टाकी भरली की तिच्यात एक टन पाणी. छत बनलं आहे तुळया, त्यावर आडव्या फांद्या, त्यावर दाबलेले मातीचे थर असं. टाकी खांबाच्या किंवा दोन भिंतींच्या कोपऱ्यावर असेल तर ठीक. तुळयांच्या मधोमध असेल तर खालच्या खोलीत जाऊन छताला दोरी लावून बघावी, पोट आलेलं दिसेल. टाकीचा तरंगता गोळा अडकून पाणी वाहत असेल तर तो आधी बदलावा. दोन बोटांएवढा हा भाग कित्येक छतांचा मारेकरी आहे.

मातीचं छत म्हणजे दर पावसानंतरचं काम. सनाला वर्षाकाठी 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण तो दोन हंगामांत, वसंतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये, आणि कोसळतो तेव्हा तासाभरात. मातीत भेग पडली की ती त्याच आठवड्यात कुटून बुजवायची. एक हंगाम चुकला की फांद्या कुजतात, दोन चुकले की तुळई.

खरं औषध कदाद. चुना, ज्वालामुखीची दाणेदार राख आणि भरपूर मेहनत. विरवलेल्या चुन्यात ही खडी मिसळून दिवसचे दिवस कुटायचं, थर द्यायचा, दगडाने ठोकायचा, पुन्हा चुन्याचं पाणी, पुन्हा ठोकणं, मग गुळगुळीत गोट्याने घोटणं आणि शेवटी जनावराची चरबी चोळणं. टाक्या, हौद, संडासाची फरशी, तो लघवीचा बाहेरचा पट्टा, गच्ची, जिथे जिथे पाणी तिथे कदाद. चांगला जमला तर शतकं टिकतो. ही कला जवळपास विसरली गेली होती. रदा गावातल्या 1504 सालच्या अमिरिया मदरशाच्या दुरुस्तीत, पुरातत्त्वज्ञ सलमा अल-राधी यांच्या देखरेखीखाली, कारागिरांनी ती पुन्हा हातात आणली. त्या कामालाही 2007 साली आगाखान पुरस्कार मिळाला. कदादात चूक होते ती घाईची. ठोकणं आटपतं घेतलं की आत हवा राहते, पृष्ठभागावर केसासारख्या भेगा येतात आणि पुढचं काम पाणी करतं.

आणि सिमेंट? नको, आणि ‘थोडंसं’ही नको. सिमेंटचा गिलावा कडक, खालची वीट मऊ, ऊन-थंडीत दोघांची हालचाल वेगळी. तो ओल आत कोंडतो. शिवाय भिंतीत जिप्सम आहे. जिप्सम, सिमेंट आणि ओल एकत्र आले की त्यांच्यात फुगणारा क्षार तयार होतो आणि गिलावा पापडासारखा सुटतो, येताना विटेचं तोंड घेऊन येतो. घराला सिमेंट लावलेलं दिसलं तर चाकूच्या मुठीने ठोकून बघावं. पोकळ आवाज आला की ते काढण्याचा खर्च हिशेबात धरायचा.

छताबद्दल आणखी एक. 1972 साली इथल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत छत आणि वरचं छप्पर यांच्यामधल्या पोकळीत जीर्ण हस्तलिखितांचा ढीग सापडला. त्यातलं एक कुराणाचं चर्मपत्र सातव्या शतकातलं, आधीचा मजकूर पुसून त्यावर दुसरा लिहिलेला. पोकळी कोरडी राहिली म्हणून ते हाती लागलं. त्यामुळे जुन्या घराचं छत उकलताना राडारोडा गाढवावर लादण्याआधी चाळून बघणं शहाणपणाचं.

सगळ्यात वर मफ्रज, पाहुण्यांची बैठक. खिडक्यांचे उंबरे इतके खाली की गादीवर रेलून बसलेल्याला शहर दिसावं. दुपारच्या जेवणानंतर इथे कातची (विड्यातला कात नव्हे, हलकी नशा देणारं झुडूप) पानं चघळत बैठक जमते, गप्पा रंगतात. दिवस कलला की सगळे आपोआप गप्प होतात, त्या वेळेला ‘सुलेमानी घटका’ म्हणतात. रंगीत काचेतून आलेला तांबडा-निळा उजेड तेव्हा समोरच्या पांढऱ्या भिंतीवर सरकत असतो. या एका खोलीसाठी जिन्याचे सगळे गुन्हे माफ करावेत असं वाटतं, खाली उतरेपर्यंत.

शेजार? बाब अल-यमन दरवाजातून आत शिरलं की सूक अल-मिल्ह, नावाने मिठाचा बाजार, प्रत्यक्षात मसाले, मनुका, जंबिया खंजिरांची पाती, चांदी. त्याला लागून घर घेतलं तर पहाटेपासून ढकलगाड्यांचा खडखडाट. पश्चिमेकडे सैला नावाचा नाला शहरातून जातो. तो दगडी फरसबंदी करून रस्ता केलेला आहे. एरवी त्यातून मोटारी जातात, मोठा पाऊस झाला की नदी. सैलेकाठचं घर दिसायला सर्वांत छान, ओलीच्या बाबतीत सर्वांत नाजूक.

गेल्या काही वर्षांचा हिशेब कटू आहे. सप्टेंबर 2014 पासून शहर हौथी बंडखोरांच्या ताब्यात. 12 जून 2015 रोजी हवाई हल्ल्यात अल-कासिमी मोहल्ल्यातली घरं पडली आणि त्याच वर्षी जुनं सना धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत गेलं. ऑगस्ट 2020 च्या पावसात अनेक छतं बसली. त्यामागे बॉम्ब नव्हता, पगार नसल्यामुळे चुकलेले मातीचे हंगाम होते. युरोपीय संघाच्या पैशातून युनेस्कोने 2018 पासून स्थानिक तरुणांना मजुरीवर घेऊन घरांची दुरुस्ती चालवली, त्यातून बरीच छतं सावरली. परदेशी माणसाने सध्या तिथे जाण्याचा विचारही करू नये, बहुतेक सरकारं तसंच सांगतात.

तिथेच राहणाऱ्यांसाठी, वारसाहक्काने मजला वाट्याला आलेल्यांसाठी, पाहणीचा क्रम असा: मोठ्या पावसानंतरच्या दुसऱ्या सकाळी जावं. आधी गच्ची, पाणी कुठे साचलं ते. मग लगेच खालची खोली, छतावरच्या ओल्या डागाभोवती कोळशाने रेघ आखायची आणि तारीख लिहायची. मग जिन्याचा खांब, त्याला आडवी भेग असेल तर मिस्त्री आल्याशिवाय वर कोणी झोपायचं नाही. संडासाची पोकळी कंदील सोडून बघायची, ओली की सुकी. जोतं सर्वांत शेवटी, हात लावून. आठवड्याने परत यायचं. कोळशाच्या रेघेबाहेर डाग गेला असेल आणि मधे पाऊस झालेला नसेल, तर माती कुटण्याआधी वरच्या मजल्याचा नळ बंद करून बघावा.